अनुवाद शिकताय? कोशांसाठी टॅब, फोन की लॅपटॉप : कोकणातल्या विद्यार्थ्यांसाठी

अनुवादाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश झाला की घरी पहिली चर्चा होते ती, लॅपटॉप घ्यायचा की टॅब. दुकानदाराकडे याचं उत्तर तयार असतं, कारण त्याला दुकानातला माल खपवायचा असतो. माझं म्हणणं असं की यंत्र सगळ्यात शेवटी निवडा. आधी कोश ठरवा, ते कोणत्या रूपात मिळतात ते बघा, रेंज नसताना त्यातले किती उघडतात ते तपासा आणि मग दुकानाची पायरी चढा. या क्रमानं गेलात तर दुकानातली अर्धी मॉडेलं बघायचीही गरज राहत नाही.

'फोनवर ट्रान्सलेट आहे की, मग कोश कशाला?' असं विचारणारे भेटतातच. ट्रान्सलेट एक उत्तर हातात ठेवून मोकळं होतं. कोश पाच अर्थ समोर मांडतो, शब्दाचं लिंग आणि मूळ सांगतो, वापराची उदाहरणं देतो. शिकणाऱ्याला निवड करायला शिकायचं असतं, म्हणून त्याला कोश लागतो.

पहिली पायरी : कामाप्रमाणे कोशांची यादी

वही घ्या आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत कुठला मजकूर हाताळायचा आहे ते लिहा. कोकणात बसून अनुवाद करणाऱ्याकडे साधारण चार प्रकारचं काम येतं. जमिनीचे कागद, म्हणजे मुंबईकर भावकीचे सातबारे, फेरफार, वाटणीपत्रं. पर्यटनाचा मजकूर, म्हणजे घरगुती निवासाची माहितीपत्रकं, किल्ल्यांवरचे फलक. शेती आणि मासेमारीची माहिती. आणि ज्यांना गोडी आहे त्यांच्यासाठी कथा-कविता.

यातल्या जमिनीच्या कागदांना जुने कोश लागतात. खोती, म्हणजे कोकणातली जुनी जमीनपद्धत, 1949 च्या कायद्यानं गेली, पण कागदांतले शब्द गेले नाहीत. वरकस, वहिवाट, कूळ, धारा हे शब्द आजही समोर येतात आणि शाळकरी कोशात त्यांचा नीट खुलासा सापडत नाही. त्यासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती 1857) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश यादीत हवेतच. कागदपत्रांची मराठी फारसीनं भरलेली असते, म्हणून स्टाइनगासचा फारसी-इंग्रजी कोशही (1892) लिहून ठेवा. सरकारी आणि कोर्टाच्या भाषेसाठी भाषा संचालनालयाचे शासन व्यवहार कोश, न्यायव्यवहार कोश आणि पदनाम कोश. आंबा-काजूवर लिहायचं असेल तर त्यांचाच कृषिशास्त्र परिभाषा कोश. इंग्रजीकडून मराठीत येताना एक चांगला इंग्रजी-इंग्रजी कोश लागतो आणि विद्यार्थी नेमका तोच विसरतात. इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ कळल्याशिवाय मराठी प्रतिशब्द शोधणं म्हणजे पत्ता न विचारता एसटीत बसणं.

यादी दहा नावांच्या पुढे जाऊ देऊ नका. शंभर कोश भरून ठेवणारे पुढे दोनच वापरतात.

दुसरी पायरी : कोणता कोश कोणत्या रूपात

प्रत्येक नावापुढे त्याचं रूप लिहा. रूपं चारच आहेत : संकेतस्थळ, ॲप, कोशाची फाइल आणि स्कॅन केलेली पानं. यंत्राची निवड खरं तर इथेच होते, त्यामुळे ही पायरी घाईनं उरकू नका.

संकेतस्थळांत शिकागो विद्यापीठाचा दक्षिण आशियाई कोशांचा डिजिटल संग्रह सगळ्यात उपयोगी. मोल्सवर्थ, वझे (1911), बर्न्टसन आणि दाते-कर्वे हे सगळे कोश तिथे शोधता येतात, तेही फुकट. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही ऑनलाइन शोधता येतात. संकेतस्थळाला फोन, टॅब, लॅपटॉप काहीही चालतं, फक्त इंटरनेट हवं. मराठी विश्वकोश हा शब्दकोश नव्हे, पण संकल्पना समजून घ्यायला तो लागतोच, म्हणून त्याचीही खूण करून ठेवा.

कोशाची फाइल म्हणजे सगळा कोश मजकुराच्या रूपात एका फोल्डरमध्ये. यातला सगळ्यात प्रचलित प्रकार स्टारडिक्ट. एका कोशाच्या तीन फाइली असतात, आयएफओ, आयडीएक्स आणि डिक्ट, आणि त्या तिन्ही एकाच फोल्डरमध्ये राहिल्या तरच कोश उघडतो. इंडिक-डिक्ट नावाच्या स्वयंसेवी प्रकल्पानं मोल्सवर्थसह काही मराठी कोश या रूपात आणले आहेत, संस्कृतचे तर पुष्कळ. मजकुराच्या रूपातला कोश जागा फार कमी खातो आणि शोध क्षणात लागतो.

स्कॅन म्हणजे छापील पानांचे फोटो. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या कोशांचे असे स्कॅन मिळतात. एकेका मोठ्या कोशाचं स्कॅन शंभर एमबीच्या पुढे सहज जातं. त्यात शब्द टंकून शोधता येईलच असं नाही. छापील कोशासारखं पान उलटत जावं लागतं. तरीही स्कॅन जवळ असावंच, कारण मजकुरात रूपांतर करताना झालेल्या चुका स्कॅनवरूनच पकडता येतात.

टेलिग्रामवर फिरणाऱ्या आजच्या कोशांच्या चोरीच्या फाइली घेऊ नका. उद्या तुमच्याच अनुवादाची अशी प्रत फिरली तर तुम्हाला चालणार नाही.

तिसरी पायरी : विमान मोडची परीक्षा

पुण्या-मुंबईचे सल्ले इथे कुचकामी ठरतात. तिकडे 'सगळं ऑनलाइन आहे' म्हटलं की विषय संपतो. आपल्याकडे घर वाडीत, वाडी खोऱ्यात आणि रेंज सड्यावर. कोकण रेल्वेनं कॉलेजला ये-जा करणाऱ्यांना बोगदे पाठ असतात. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा तर साडेसहा किलोमीटरचा आहे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या कितीतरी गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती, मग इंटरनेट कुठून असणार?

म्हणून एक साधी परीक्षा घ्या. हातात आत्ता जो फोन आहे तो विमान मोडवर टाका आणि यादीतले कोश एकेक उघडून बघा. जे उघडले ते 'जवळचे', जे नाही उघडले ते 'लांबचे'. कुठलाही इंग्रजी-इंग्रजी, एक मराठी-इंग्रजी आणि एक परिभाषा कोश एवढे तरी जवळचे असलेच पाहिजेत. ॲपच्या वर्णनात 'ऑफलाइन' लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. काही ॲप पहिला शब्द दाखवतात आणि पुढे उदाहरणांसाठी नेट मागतात. विमान मोडवरच खरं काय ते कळतं.

चौथी पायरी : कुठल्या जातीचं यंत्र

*फोन.* तो आहेच. सहा-साडेसहा इंचांच्या पडद्यावर मजकुराचा कोश छान दिसतो, स्कॅन मात्र दिसत नाही. मोल्सवर्थचं पान मोठं, दोन स्तंभांचं, अक्षर बारीक. फोनवर ते वाचायचं तर सतत मोठं करा, डावीकडे सरकवा, उजवीकडे सरकवा. दोन शब्दांनंतर कंटाळा येतो आणि माणूस पुन्हा ट्रान्सलेटकडे वळतो. शिवाय फोनवर कोश उघडला की वर निरोपांची रांग लागते. तरी पैसे नसतील तर पहिलं वर्ष फोनवर निभावतं, त्यात कमीपणा काही नाही.

*किंडल आणि इतर ई-इंकवाले, म्हणजे कागदासारख्या पडद्याचे, ई-रीडर.* डोळ्यांना सुखाचे, उन्हात खळ्यात बसूनही स्वच्छ दिसणारे, आणि बॅटरी आठवड्यांच्या हिशेबानं चालणारी. इंग्रजी पुस्तक वाचताना शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ समोर येतो, ही सोय झकास आहे. पण मराठी मूळ मजकुरासाठी तिचा उपयोग थोडाच. मराठी शब्द वाक्यात मूळ रूपात क्वचितच येतो. मजकुरात 'माडाखालच्या' असतं, कोशात 'माड'. बोट दाबलं की यंत्र 'माडाखालच्या' हाच शब्द शोधतं आणि हात हलवत परत येतं. मराठीसाठी शब्द टंकूनच शोधावा लागतो, आणि ई-इंकच्या पडद्यावर टंकणं संथ असतं. स्कॅनची पानं भराभर उलटणंही तिथे जमत नाही. म्हणून इंग्रजीतून मराठीत येणाऱ्यानं, तेही साहित्याच्या अनुवादासाठी, किंडलचा विचार करावा. बाकीच्यांनी त्यात पैसे गुंतवू नयेत. अँड्रॉइडवर चालणारे मोठ्या पडद्याचे ई-इंक टॅब यातल्या बऱ्याच अडचणी सोडवतात, पण त्यांची किंमत विद्यार्थ्याच्या खिशाबाहेरची आहे.

*लॅपटॉप.* अनुवाद लिहायला शेवटी हाच लागतो. विंडोज किंवा लिनक्सवर गोल्डनडिक्ट हा फुकट प्रोग्राम टाका, त्याला कोशांचं फोल्डर दाखवा, मग कुठल्याही पानावरचा शब्द निवडून कंट्रोल दाबून सी दोनदा मारला की सगळे कोश एका चौकटीत उघडतात. ओमेगाटी हे अनुवादाचं मोफत साधनही स्टारडिक्टच्या फाइली वाचतं, म्हणजे एकदा जमवलेले कोश तिथेही कामाला येतात. अडचण वजनाची आहे. दीड किलोचा लॅपटॉप, चार्जर, छत्री, डबा आणि सकाळच्या एसटीतली गर्दी. कॉलेजात किंवा घरी संगणक असेल तर फक्त कोशांसाठी नवा लॅपटॉप घेऊ नका.

*क्रोमबुक.* म्हणजे गूगलच्या क्रोम-ओएसवर चालणारा लॅपटॉप. ज्या मॉडेलवर अँड्रॉइडची ॲपं चालतात तीच बघा, आणि तीही स्वस्तात मिळत असतील तर.

*टॅब.* बहुतेकांसाठी माझी शिफारस हीच : दहा-अकरा इंचांचा मध्यम किमतीचा अँड्रॉइड टॅब. अर्ध्या किलोच्या आसपास वजन, जुन्या कोशाचं अख्खं पान वाचता येईल एवढा पडदा, आणि पडदा दुभंगून एका बाजूला मजकूर, दुसऱ्या बाजूला कोश ठेवायची सोय. आयपॅड उत्तम यंत्र आहे, पण त्यात मेमरी कार्ड बसत नाही आणि किंमत मोठी. घरी आधीच असेल तर वापरा. आठ इंचांचे टॅब हातात गोड वाटतात, पण दोन स्तंभांच्या पानाला ते अपुरे पडतात.

पाचवी पायरी : दुकानात काय बघायचं

दुकानात रिकाम्या हातानं जाऊ नका. मोल्सवर्थच्या स्कॅनची दोन-चार पानं आणि एक मराठी मजकूर फोनवर घेऊन जा आणि तिथल्या नमुन्याच्या टॅबवर पाठवा. पान उभं धरून पूर्ण पडद्यावर उघडा. मोल्सवर्थमध्ये शब्दाशेजारी कंसात संस्कृतसाठी एस, फारसीसाठी पी, अरबीसाठी ए अशी रोमन अक्षरांत मूळ भाषेची खूण असते. ती बारीक अक्षरं मोठं न करता वाचता आली तर पडदा पास. नाही आली तर दुकानदार कितीही हुशारी सांगो, पुढचं मॉडेल बघा. तोच टॅब दुकानाच्या दारात उन्हात नेऊन पुन्हा बघा. पडवीत अभ्यास करणाऱ्याला दुकानातल्या ट्यूबलाइटचा काय उपयोग?

मग टंकून बघा : केळें, दऱ्या, वाङ्मय, क्लृप्ती, तज्ज्ञ. हे पाच शब्द उगाच दिलेले नाहीत. जुन्या कोशांत 1962 च्या नियमांआधीचं लेखन आहे. तिथे 'केळे' शोधून मिळत नाही, 'केळें' लागतं. 'गाव' नाही, 'गांव'. म्हणजे कीबोर्डवर अनुस्वार पटकन देता आला पाहिजे. 'दऱ्या'मधला अर्धा र दोन वेगळ्या पद्धतींनी टंकला जातो आणि कोशात दुसरी पद्धत वापरली असेल तर शब्द असूनही सापडत नाही. अशा वेळी 'दर' एवढंच लिहून यादीत खाली सरकत जायचं. 'वाङ्मय', 'क्लृप्ती' आणि 'तज्ज्ञ' यांतली जोडाक्षरं तुटून दिसली तर त्या ॲपचा फॉन्ट कच्चा आहे. ल आणि श मराठी वळणाचे दिसतात का तेही बघा. दिसत नसतील तर यंत्राची भाषा हिंदीवरून मराठी करून पुन्हा तपासा, बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं. वेगळा ब्लूटूथ कीबोर्ड घेणार असाल तर त्यावर देवनागरी चालू होते का, हे दुकानातच करून बघा.

आकडे थोडक्यात. रॅम किमान सहा जीबी, चारवर पडदा दुभंगला की टॅब धापा टाकतो. साठवण 128 जीबी आणि वर मेमरी कार्डाची जागा. चार्जिंगला टाइप-सी. सिमवाल्या टॅबसाठी जास्तीचे काही हजार देऊ नका, फोनचा हॉटस्पॉट पुरतो. सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. सेलमध्ये स्वस्त लावलेलं मॉडेल बहुधा जुन्या अँड्रॉइडवर अडकलेलं असतं. या वर्णनाचे टॅब साधारण पंधरा ते वीस हजारांत बसतात. सणासुदीला भाव खाली येतात, त्यामुळे गणपती-दिवाळीपर्यंत थांबता आलं तर थांबा.

आणि एक प्रश्न प्रत्येक दुकानदाराला विचाराच : या कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठे आहे? रत्नागिरी-चिपळूण म्हणाला तर ठीक. कोल्हापूर, पनवेल किंवा गोवा म्हणाला तर पडदा फुटल्यावर एक दिवस, गाडीभाडं आणि वर आठवड्याची वाट आलीच. दोन टॅब सारखेच आवडले असतील तर ज्याचं सेंटर जवळ तो घ्या. ऑनलाइन हजारभर रुपये वाचवणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

सहावी पायरी : घरी आल्यावर

'कोश' नावाचं एक फोल्डर करा आणि त्यात प्रत्येक कोशाला वेगळं उपफोल्डर. अँड्रॉइडवर गोल्डनडिक्टचं ॲप किंवा स्टारडिक्ट वाचणारं दुसरं कुठलंही ॲप चालतं. कोश ज्या क्रमानं उघडायचे तो क्रम स्वतः लावा. इंग्रजीतून मराठीत येताना इंग्रजी-इंग्रजी वर, मराठी मूळ असेल तेव्हा मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे वर. स्कॅन मेमरी कार्डावर ठेवा आणि प्रत्येक अक्षर सुरू होतं त्या पानावर खूण करा. क, ख, ग असं एक संध्याकाळ बसून केलं की पुढे पानं उलटण्याचा निम्मा त्रास जातो. किविक्स हे ॲप टाकलंत तर विकिपीडिया आणि विक्शनरीही नेटशिवाय वाचता येतात. ती फाइल मोठी असते, कॉलेजच्या वायफायवर उतरवा.

एखाद्या जुन्या पुस्तकातला उतारा कोशात टाकायचा असेल तर फोनच्या कॅमेऱ्यानं गूगल लेन्समधून मजकूर उचलता येतो. छपाई स्वच्छ असेल तर मराठी बऱ्यापैकी ओळखतं, अनुस्वार आणि जोडाक्षरं मात्र डोळ्यांनी तपासा. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफमधून शब्द कॉपी केला तर भलतीच अक्षरं येतात. तिथे लेन्सच बरं.

यादीतल्या ज्या कोशाचं डिजिटल रूप मिळालंच नाही, त्यासाठी वाचनालय आहे. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय 1828 पासूनचं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर 1852 चं. संदर्भ विभागातले कोश घरी देत नाहीत, पण ग्रंथपालांना विचारून हव्या त्या नोंदीचा फोटो बहुधा घेता येतो. तो फोटो 'कोश' फोल्डरमध्येच ठेवा आणि नावात शब्द, कोश आणि पान लिहा.

सातवी पायरी : खारी हवा, पाऊस आणि वीज

आयपी मानांकनातला पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. आयपी52 म्हणजे थेंब चालतील, पावसात भिजणं चालणार नाही. आयपी68 असलं तरी ती चाचणी गोड्या पाण्यातली असते, समुद्राच्या पाण्यासाठी तो आकडा धरू नका. किनाऱ्यालगत घर असेल तर चार्जिंगच्या भोकात मीठ आणि ओल बसून आतले संपर्क हिरवट होतात. वापरात नसताना तिथे रबरी बूच लावा. ओल आल्याची सूचना पडद्यावर आली तर चार्जर लावू नका, पंख्याखाली वाळू द्या. तांदळात पुरण्याचा घरगुती उपाय करू नका, पीठ आत जातं.

जून ते सप्टेंबर टॅब घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. पुड्या अधूनमधून बदला. जाड रबरी कव्हर पंधरा दिवसांतून एकदा काढून आतून पुसा, त्याच्या आणि टॅबच्या मध्ये ओल साचते. बाहेर नेताना झिपच्या प्लास्टिक पिशवीत घाला आणि मगच दप्तरात.

पॉवर बँक वीस हजार एमएएचची घ्या. दहा हजारांच्या बँकेवर लिहिलेला आकडा आणि टॅबपर्यंत पोचणारा चार्ज यांत मोठी तूट असते, त्यात दहा इंची टॅब एकदाही पूर्ण भरत नाही. वादळाचा इशारा आला की पाण्याचा पिंप भरतो तशीच ती भरून ठेवायची.

22 जुलै 2021 च्या पुरात चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथांचंही नुकसान झालं. तुमच्या 'कोश' फोल्डरच्या दोन प्रती असू द्या. एक घरातल्या पेन ड्राइव्हवर, दुसरी वेगळ्या गावात राहणाऱ्या वर्गमित्राकडे. त्याची प्रत तुमच्याकडे. नवा कोश मिळाला की दोघांनी सत्राच्या सुरुवातीला फोल्डर जुळवून घ्यायचं. परीक्षेच्या आठवड्यात ॲप किंवा अँड्रॉइड अपडेट करू नका, कोशांची यादी कधीकधी पुसली जाते आणि फोल्डर पुन्हा दाखवावं लागतं.